ओदेतची सुट्टी

लिस्बन, बुधवार

प्रिय ओदेत,

मी खुशाल आहे, गुडघेही बरे आहेत. आईने सूप घेतलं का?

काल अल्फामा या इथल्या जुन्या वस्तीच्या पायऱ्या चढून दमले. दारात बसून चेरीची दारू विकणाऱ्या म्हातारीने स्टूल पुढे केलं.

"एकटीच फिरतेस? घरी कोण?"

"आई अंथरुणावर आहे. धाकटी बहीण बघते."

"वा गं! राबते ती आणि स्टूल तुला!"

मी स्टुलावरून उठले. अकरा वर्षं दर जूनमध्ये मी निघते. तुझी सुट्टी कधी, हे एकदाही विचारलं नाही.

सोमवारी मी परत येते. इथली खोली पुढच्या रविवारपर्यंत आहे, मालकिणीला तुझं नाव दिलंय, आता तू ये. वाद घालू नकोस. आईला आंघोळ मी घालेन. कशी घालायची, ते मात्र लिहून ठेव.

तुझी ताई,
जुदित