दिवाळीच्या किल्ल्याला मंगोल वेढा

नोव्हाय,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नीना मावशी,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, मंगोलियाला जायला बाबांचा कडक विरोध आहे. तसं नाही. बाबांना मी अजून सांगितलेलंच नाही. त्यांचा विरोध त्यांच्या वतीने मीच मनात करून पाहिला आणि तो इतका बिनतोड निघाला की खराच वाटला. तिसरीपर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं: चुकलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून बरोबर ते शेजारी लिहायचं. म्हणून हे.

बाकी ठीक. आईच्या चकल्या यंदा मोडत नाहीत. गराजमध्ये किल्ला चालू आहे. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून इंजिनिअर बाबांच्या किल्ल्याला सस्पेन्शन सोडून सगळं असतं. काल मी त्यांना मंगोलांचं दगड फेकायचं यंत्र करून दाखवलं: लाकडी पट्टी, एका टोकाला वजन. त्यांनी पट्टी लांब करायला लावली. दगडाऐवजी ठेवलेला बटाटा किल्ल्यावरून गेला आणि आईच्या गाडीच्या आरशावर बसला.

"दिवाळीत किल्ला बांधतात, पाडत नाहीत," आई म्हणाली.

"किल्ल्याला कुठे लागलंय?" बाबा म्हणाले. मग मला, "शहर पडलं की हे लोक इंजिनिअरांना मारायचे का गं?"

"नाही. यंत्रं करायला सोबत न्यायचे."

"बघ, डिग्री कामाला येते. कंपनीची नोकरीची ऑफर कधी साइन करतेयस?"

ती मी सप्टेंबरातच नाकारली, मावशी. ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या टीमबरोबर वर्षभर मंगोलियातल्या पडक्या तटबंद्या मोजायला जायचं म्हणून. सांगायची वेळ तीच होती. पण मी म्हणाले, "मंगोल वेढ्याआधी दूत पाठवायचे. शहर शरण आलं तर बहुधा वाचायचं."

"आणि दूताला मारलं तर?"

"मग शहर जायचं."

बाबांनी बुरुजाला चिखल थापला. "आपण दूताला चहा देऊ," म्हणाले, आणि बोटाने दरवाजा जरा मोठा केला.

त्यांना कळलंय का? तू सांगितलंस का? नसशील सांगितलं तर माफ कर, असं विचारायला नको होतं.

त्यांना फोन मात्र करू नकोस. सोमवारी, वीस ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान झालं की मी बोलणार. फराळाच्या आधी. तोंडात चकली असताना माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ते न्याय्य नाही.

चहाच्या आशेवरची दूत,
इला