शेतात गेलेली बॅटरी

हुलसूर, मंगळवार, दिवेलागण

तोंडावर मी दिराला भावजी म्हणते. इथं वहीत न्हाई म्हणणार. मेल्या संज्यानं काल न विचारता माझ्या गाडीची बॅटरी शेतात नेली. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत झटका सोडायचं मशीन त्याच्यावर रातभर चालवलं. पहाटे बॅटरी परत बसवली आणि गप झोपला.

आज सासूबाईंना डोळे दाखवायला बिदरला न्यायचं होतं. कधीपासून नंबर लावलेला. चावी फिरवली तर नुसतं टक्. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली. अवसेला लिंबू बांधलं न्हाईस तू." लिंबू! बॉनेट उघडलं तर बॅटरीला शेतातला चिखल.

शाळेत टाकलेली रजा त्या बॅटरीपायी गेली. गरम पाण्यात सोडा घालून टोकांवरची पांढरी बुरशी मीच घासली, आत डिस्टिल्ड वॉटर मीच भरलं, दुकानात नेऊन चार्जिंग मीच करून आणलं. आणि हा म्हणतो, "वैनी, एका रातीनं काय व्हतंय?" व्हतंय की! अशी तळापर्यंत उपसलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी व्हत न्हाई.

वाटलं, सासूबाई तरी त्याला बोलतील. मोतीबिंदू त्यांचा, नंबर त्यांचा गेला. तर मलाच म्हणाल्या, "कामून चिडायलीस? डुकरं तर आली न्हाईत न्हवं?"

बॅटरी आता माझ्या खोलीत कुलपात हाय. बाहेर बिनबॅटरीच्या गाडीला सासूबाईंनी लिंबू बांधलंय. उद्या सोडते आणि संज्याच्या वरणात पिळते.