ओव्हरऑलच्या खिशातली ट्यूब

प्रिय वेल्डरसाहेब,

समोर बसून बोलले असते तर तू उठून गेला असतास, म्हणून लिहितेय. बाहेरच्या खोलीत झोपायला लागलास तेव्हा पाठदुखीचं कारण सांगितलंस. मी जवळ आले की अंग चोरतोस. परवा तर म्हणालास, "तू माहेरी जा, माझ्यात आता राम राहिला नाही." 'का' म्हणून मी विचारलं नाही. असलं विचारणं मला जमत नाही. मी बाबांना फोन केला आणि बॅग भरली.

आज तुझा ओव्हरऑल धुवायला घेतला आणि खिशातून पिळून सपाट झालेली ट्यूब निघाली. मलमं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. ट्यूब बघितली आणि जंतुनाशक साबणाच्या वड्या घरात इतक्या भराभर का झिजतात, तेही कळलं.

आता नीट वाच. शिश्नाच्या पुढच्या भागावर लाली, खाज, आग, लघवीला झोंबणं हे पुष्कळ पुरुषांना होतं. त्यावरून कोणी बाहेरख्याली ठरत नाही, घाणेरडा तर मुळीच नाही. उलट तू जितकं घासतोस तितकी ती नाजूक कातडी सोलवटते. तुझ्या मलमात तीन औषधं एकत्र कोंबलेली आहेत. त्यातल्या स्टिरॉइडने थोडे दिवस बरं वाटतं, थांबवलं की आग परत. डॉक्टर कदाचित स्टिरॉइडच देतील, पण कुठलं, किती, कधीपर्यंत ते ठरवून. वेल्डिंगच्या सांध्याला तडा असताना कोणी वरून रंग फासला तर तू त्याचा उद्धार करतोस. इथे स्वतः मात्र रंगच फासत बसलास!

साबण आजपासून बंद. नुसतं कोमट पाणी, मग हलक्या हाताने कोरडं करायचं. घामाचे कपडे घरी आल्याआल्या बदल. बुरशी आहे, इसब आहे की कातडीचाच एखादा चिवट आजार, हे मी सांगू शकत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावंच लागेल. रक्तातली साखरही तपासून घे, कधीकधी ती वाढल्याची खूण हीच असते. पांढरे चट्टे असतील, त्वचा मागे सरत नसेल, तर लाजून गप्प बसू नकोस. सोबत कोणी हवं असेल तर मी येईन. आत येणार नाही, बाहेर बसेन.

उद्या बाबा मला न्यायला येतायत. त्यांना नका येऊ म्हणून मी कळवणार नाही. जा म्हणालास तू, तेव्हा राहा म्हणायचं तर तेही तूच म्हण. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. बाबांना फोन लवकर कर, ते पहिल्या गाडीने निघतात.

अजूनही तुझीच,
बायको