बाबांच्या काठीचं माप

गुरुग्राम

शालनताई, जय भीम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. दुकान जोरात चाललंय. शर्ट शिवावा तशी लोक आता गोल्फची काठीही मापाने बनवून घेतात. गिऱ्हाईक हात सोडून उभं राहतं, मी मनगटापासून जमिनीपर्यंत मोजतो आणि काठी कापतो. शेठ दुसरं दुकान उघडताहेत, त्यामुळे सुट्टीचं नाव काढता येत नाही.

बाबांच्या काठीसाठी आईने मापाची सुतळी पाठवली, ती कुरियरने मिळाली. मूठ मऊ रबराची लावलीय, हाताला टोचणार नाही.

पण ताई, सुतळी फार लांब आहे. बाबा मागच्या वर्षीच कमरेत वाकले होते. ते उभे राहिले तर मनगट एवढं वर येणार नाही. तुम्ही त्यांना झोपवून माप घेतलंत ना? आई तर फोनवर म्हणते, "खरवईच्या नाक्यापर्यंत जाऊन येतात."

तिला काही विचारू नकोस. इथून मी दुसरं काय करणार? काठी सुतळीपेक्षा आखूडच कापलीय, उभ्या माणसाच्या मापाने. त्यांच्या उशाशी ठेव.

तुझा,
धम्मदीप