चिंचटेकचं ठेसन

बोरवस्ती, ता. पाटोदा
२८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मंगल हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला की तुझी वहिनी बोलते आणि मला खुणेनं सांगते. तिच्या खुणांवरून तू एकतर आजारी असतेस, नाहीतर शेळी तरी विकत घेतलेली असतेस. खडीक्रशरनं माझे कान नेले, हात ठेवले, म्हणून हे पत्र.

बीडला रेल्वे आली हे तुला कळलंच असेल. पावसानं उडीद गेला, करायला काही उरलं न्हाई, म्हणून मायला गाडी दाखवायला घेऊन गेलतो. लोकं डब्याला हात लावून फोटो काढत होती. माय मात्र सरळ गार्डापाशी गेली आणि काहीतरी विचारलं. तो हसला, मान हलवली. बरोबर आलेल्या तुझ्या वहिनीनं, विमलनं, मग मला खुणेनं सांगितलं, की ही गाडी चिंचटेकला थांबती का, असं तिनं विचारलं म्हणून.

तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष न्हाई. रोज सकाळी लुगडं नेसून ओट्यावर बसते आणि म्हणते, मला एकदा चिंचटेकला ने. कावून, कशासाठी, म्हणून विचारलं तर तोंड फिरवते. मला वाटतं, आपण लहानपणी मायआबांबरोबर ऊसतोडीला जायचो तेव्हाचं ते बार्शीच्या पुढचं ठेसन असावं. तू त्या बाजूला नांदतेस. आहे का अजून ते, बघ. भारतदाजींना नमस्कार सांग. माझ्या अक्षराला हसू नकोस, आणि उत्तर लवकर टाक.

तुझा,
उत्तरेश्वर

---

बार्शी
७ ऑक्टोबर २०२५

ती. दादास मंगलचा सा. न. वि. वि.

शेळी घेतली हे खरं आहे. आजारी ती आहे, मी न्हाई.

चिंचटेक मला चांगलं आठवतं. ती छोटी गाडी, जेमतेम दोन हात रुंदीच्या रुळावरून चालल्यासारखी वाटायची. चढाला लागली की तू खाली उतरून तिच्या बाजूनं पळायचास आणि आबा खिडकीतून शिव्या द्यायचे. चिंचटेकला इंजिन पाणी प्यायला थांबायचं. एक खोली, एक कंदील, मागं मोठी चिंच. माय तांब्या घेऊन उतरायची, चिंचेच्या बुडाशी पाणी घालायची आणि आपल्याला हात जोडायला लावायची. मी कितीतरी वर्षं समजत होते की तिथं कुठला तरी देव आहे. अंगणवाडीत मुलांना देवांची नावं सांगताना तोही मनात येतो, पण त्याचं नाव काही येत न्हाई.

मी इथल्या स्टेशनात विचारलं. तिथला मुलगा सभ्य होता, त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं, पण असं नाव आलं न्हाई. नंतर कळलं की मोठी लाईन टाकली तेव्हा जुनं वळण सोडून दिलं आणि रूळ दोन-तीन कोस बाजूला गेले. चिंचटेक त्या सोडलेल्या वळणावर राहिलं. रविवारी मी आणि हे मोटारसायकलवर जुन्या भरावाच्या कडेकडेनं गेलो. मधे कुठं तो भराव नांगरून टाकलाय, कुठं त्यावर बाभळी आल्यात. एका पुलाखाली कुणी कडबा रचून ठेवलाय. अखेर दगडी फलाट सापडला. त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं.

खोली पडली आहे. चिंच न्हाई. शेजारचे बागायतदार अमरसिंह म्हणाले, की दिवाळीनंतर जेसीबी लावून तो सगळा भराव सपाट करायचा, शेतकऱ्यांनी मिळून तिथून डांबरी रस्त्यापर्यंत वाट काढायची ठरवली आहे. मायला यायचं असेल तर उशीर करून चालणार न्हाई. पण तिला तिथं काय बघायचंय, ते आधी विचार. फलाट बघायला एवढा त्रास द्यायचा तिच्या गुडघ्यांना?

वहिनीला आणि तुझ्या सत्यमला आठवण. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मंगल

---

बोरवस्ती
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंगल हिस आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. भारतदाजी असले तर हरकत न्हाई, पण पोरंबाळं नकोत.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. चिंच न्हाई म्हणल्यावर ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला हाताला धरून तुरीच्या पलीकडं नेलं, जिथं कुणाचं घर न्हाई. मला आधी उमजलं न्हाई. मग उमजलं. मला सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागतं, आणि तिला ते वस्तीत मोठ्यानं बोलायचं नव्हतं.

मंगल, आपल्याला एक बहीण होती. माझ्याआधीची. मंजुळा तिचं नाव. चालायला लागली होती, आबांच्या धोतराला धरून उभी राहायची. तोडीवरून चैतात परत येताना गाडीतच तिला ताप भरला. चिंचटेकला उतरले. आबा औषध बघायला गावात पळाले, ते यायच्या आत ती मायच्या मांडीवर गेली. ठेसनमास्तरच्या बायकोनं, जानकीबाईनं, आपलं धुतलेलं लुगडं फाडून दिलं. चिंचेच्या बुडाशी ठेवलं तिला. टोळी बार्शीला थांबली होती, तिथून ट्रक निघणार होता, म्हणून दुसऱ्या गाडीनं हे दोघं निघाले. आबांनी मायला सांगितलं, की आता हे नाव घरात काढू नको, पुढची लेकरं जगायची असतील तर. मग मी झालो, तू झालीस. आणि तिनं नाव काढलं न्हाई.

तो देव न्हवता मंगल. आपण बहिणीला हात जोडत होतो.

माय वरडून सांगत होती आणि मला तरी काही शब्द कळत न्हवते. मी हातानं पुन्हा सांग म्हणत होतो. ते नाव तिला माझ्यापायी तीनदा घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत न्हाई. रडली न्हाई. घसा बसला म्हणून वाटेत पाणी मागितलं, बस.

आबांवर मला राग आला. मग वाटलं, दरसाल त्या ठेसनात तेही खाली उतरायचे आणि इंजिनाकडं तोंड करून उभे राहायचे. त्या माणसाला तरी कुणी बोलू दिलं होतं?

विमलच्या पित्ताशयाचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, मला हलता यायचं न्हाई. भारतदाजींना मायला न्यायला पाठवशील का? त्या बागायतदाराला थोडं थांबायला सांग.

तुझा,
दादा

---

बार्शी
३० ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीचं ऑपरेशन नीट झालं हे कळून जीव भांड्यात पडला. तिला आठवडाभर चूल बघू देऊ नकोस. तुझ्या हातचं पिठलं खाऊन ती लवकर बरी होईल, निदान घाईनं तरी होईल.

मायला आम्ही काल नेलं. हे तिला पाटोद्याहून जीपनं घेऊन आले होते. तुझं पत्र आल्यापासून मला सारखं वाटतं, की मी धाकटी म्हणून मिरवत होते आणि तू थोरला म्हणून, पण थोरपण मंजुळाचं होतं.

तिथं पोचलो आणि मायला काही ओळखू येईना. फलाट इकडून होता की तिकडून, खोलीचं दार कुठल्या अंगाला होतं. चिंच कुठं होती हे तर कुणालाच सांगता येईना. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग संतापली. आयुष्यात मी तिला असं बोलताना ऐकलं न्हवतं. म्हणाली, रूळ यांचे होते, नेले, बरं झालं. झाड काय रेल्वेचं होतं का? आणि तिथंच मातीवर बसली.

अमरसिंहांच्या आई, वनमालाबाई, मळ्यातून पाणी घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, काय हरवलंय. मला वाटलं माय तोंड फिरवील. पण तुझ्यापायी तिची सवय मोडली बहुतेक. चांगलं मोठ्यानं म्हणाली, माझी लेक हाय इथं, मंजुळा. त्या बाई मायच्या शेजारी मातीत बसल्या.

नंतर अमरसिंह आले. ऐकून त्यांचाही चेहरा उतरला. म्हणाले, आजी, तुम्ही सांगाल तेवढ्या कोपऱ्याला जेसीबी लावत न्हाई, वाट जरा वाकडी काढू. मी हो म्हणणार होते. माय नको म्हणाली. म्हणाली, गाडी यायची तवर लोकं उतरायची, चढायची, कुणी भजी खायचं, पोरं बोंबलायची. गाडी बंद झाल्यापासून पोरगी एकटी पडली. वाट होऊ द्या. सरळ काढा. बैलं जातील, शाळेची लेकरं जातील. लई बरं होईल तिला.

दादा, मी काही करू शकले न्हाई, फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ केवढीशी झाली आहे.

परवा तिला परत पाठवते. तिला थंडी वाजते, पण सांगत न्हाई, तेवढं बघ. आणि मला विसरू नकोस.

तुझी,
मंगल

---

बोरवस्ती
९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मंगल हिस आशीर्वाद.

माय सुखरूप आली. जेवते. भाकरी कडक झाली म्हणून विमलला बोललीसुद्धा, तेव्हा विमलला लई बरं वाटलं.

काल तलवाड्याला बंकटमामांच्या नातीच्या साखरपुड्याला गेलो होतो. बायकांत माय बसली होती, मी समोर मंडपाच्या खांबाला. नवऱ्या मुलाच्या आजीनं तिला काहीतरी विचारलं. अशा ठिकाणी काय विचारतात ते तुला ठाऊक आहे, लेकरं किती, कुठं दिली, काय करतात. मला ऐकू येत न्हाई, पण मायची बोटं दिसत होती. नेहमी ती दोन बोटं दाखवते.

काल तिनं तीन दाखवली. मग माझ्याकडं बोट केलं, बार्शीच्या दिशेला हात केला, आणि राहिलेलं एक बोट तसंच धरून ती त्या बाईशी बराच वेळ बोलत बसली.

माघी पौर्णिमेला ये. तिघांची माय वाट बघते.

तुझा,
उत्तरेश्वर