ठसक्याचा बेसवाला

कोल्हापूर,
११ जानेवारी २०२५

उन्म्या, मर्दा,

सलाम. पद्मजा वहिनींना आणि तुझ्या लेकीला, भैरवीला, माझा आणि तहरीमचा सलाम सांग. भैरवीच्या साखरपुड्याचे पेढे पोचले, निम्मे मी एकट्यानंच खाल्ले. कार्यक्रमाला आलो नाही म्हणून तू चिडला असशील. फोन उचलले नाहीत म्हणून त्याहून जास्त. दुकानात गर्दी होती असं लिहिणार होतो, पण गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात कसली आलीय गर्दी!

इकडं सगळं ठीक. म्हणजे तसं ठीक.

पुढच्या महिन्यात आपल्या ‘ठसका’ बँडला तीस वर्षं होतात. तुझ्या थोरल्या भावानं, वसंतानं, कॉलेजच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरवलाय. पोस्टरवर जुना फोटो घातलाय, त्यात तुझ्या डोक्यावर केस आहेत. आठवतं, पहिल्यांदा आम्ही फंक नावाचं विलायती नाचाचं संगीत वाजवतो म्हणून सांगितल्यावर पेठेतल्या एकानं विचारलं होतं, “हे कुठल्या देवाचं असतंय?” समजावत बसलो नाही आपण. मी बेस गिटारची जाड तार अंगठ्यानं ठोकायचो आणि मध्येच हात आखडता घ्यायचो. त्या रिकाम्या जागेत तुझा ड्रम पडायचा आणि समोरच्याची कंबर आपोआप हलायची. ‘सरका की पावणं’ लोक अजून मागतात.

ड्रमला तुझ्या जागी अजून लॅपटॉपच आहे. त्याच्यावरनंच तुमचं दोघा भावांचं वाजलं आणि तू ड्रम गाडीत घालून कागलला गेलास. लॅपटॉप वेळेवर येतो, चहा मागत नाही, वसंताला उलट बोलत नाही. मला त्याचा राग येतो. यंत्राचा राग कसला करायचा, पण येतो.

आता लिहितोच. मला ऐकू येईनासं झालंय.

डावा कान गेला. उजवाही त्याच वाटेनं चाललाय. फोनवर नुसती कुरकुर ऐकू येते, म्हणून तुझे फोन घेतले नाहीत. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यानं समोरच्या माणसाचं बोलणं कळतं, पण बेस म्हणजे पत्र्यावर कुणी वाळू ओतल्यासारखा लागतो. तुझी झांज इतकी वर्षं माझ्या डाव्या कानाशी होती, तेव्हा थोडा दोष तुलाही देऊन ठेवतो.

मी स्टेजवर अनवाणी वाजवतो, त्यावर पेपरात एकदा आलं होतं, मातीशी नातं वगैरे. कसलं नातं! तू पायानं वाजवायचास त्या मोठ्या ड्रमचा धक्का स्टेजच्या फळीतून माझ्या तळव्यांना लागायचा. त्यावर मी वाजवायचो. तू होतास तोवर कान नसले तरी चालून गेलं. लॅपटॉपनं फळी हलत नाही.

दिवाळीनंतर कबनूरला कार्यक्रम होता. लोक नाचत होते, मी घामानं निथळत होतो. दमून माझ्या बेसच्या स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकवली. खोका गप्प होता. एवढा ठोकतोय आणि पाठीला काहीच लागेना. वायर निघाली असेल म्हणून वाकून बघितलं. वायर जागेवर होती. आवाजाचं बटण शून्यावर होतं.

मी ते वाढवलं नाही. का नाही, विचारू नकोस.

मग मागच्या रविवारी उद्यमनगरातल्या शेडमध्ये प्रॅक्टिस होती. सगळे ‘सरका की पावणं’ वाजवत होते. मी मुद्दाम दुसरंच गाणं वाजवलं, तेही सगळं चुकीचं. कुणी मान वळवली नाही. वसंतानं माझ्याकडं बघितलं, हसला आणि अंगठा वर केला. उन्मेष, तीस वर्षांत मला कुणी इतकं मारलं नव्हतं.

नंतर मी अस्मिताला बाजूला घेतलं. आपली कीबोर्डवाली, खोटं बोलता येत नाही तिला.

“माझ्या जागी कोण वाजतंय गं?”

“काका, तुमीच की,” ती रडायला लागली. “जुनं रेकॉर्डिंग हाय. बेस तुमचा, ड्रम उन्मेषकाकांचा. वसंतादादा म्हटलं, त्यांस्नी कळू देऊ नका. बँड सोडून ह्या माणसाला दुसरं काय हाय?”

म्हणजे ऐक. तू भांडून गेलास तरी तू रोज वाजतोयस. आणि मी रोज जातो तरी मी नाही. तिथं रेकॉर्डिंगमधला तरणा शाहबाज वाजवतोय आणि हा म्हातारा शाहबाज त्याच्यापुढं नुसती बोटं हलवतोय.

वसंता वाईट नाही, हे तुलाही माहीत आहे. ‘तू आता घरी बस’ म्हणायला त्याची जीभ रेटेना, म्हणून त्यानं मला असा ठेवला. पण त्याची ही माया मला सोसत नाही. घरी तुझ्या वहिनीला, तहरीमला, अजून सांगितलेलं नाही. ती विचारते, आज कसं झालं, मी म्हणतो, झकास.

म्हणून तुझ्याकडं मागतोय. कार्यक्रमाला ये. भावाशी बोलू नकोस, त्याच्याकडं बघू नकोस, माझी हरकत नाही. ड्रम घेऊन ये, लाकडी फळीवर मांड आणि एकच गाणं वाजव. लॅपटॉप बंद ठेवायचं मी वसंताला तोंडावर सांगतो. खोक्याचं बटणही मीच वाढवतो.

जमलं तर जमलं. चुकलो, तर भर मैदानात हात थांबव आणि मोठ्यानं म्हण, “शाब्या, चुकलास!” लोक हसतील, हसू देत. मी बेस खांद्यावरून काढून ठेवीन आणि नीट घरी जाईन. पण मला काढायचं असेल, तर माझा आवाज ऐकून काढा रे.

तुझा,
अजून तरी ठसक्याचा बेसवाला,
शाहबाज