वरचे म्हणजे हो, खालचे म्हणजे नाही

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही तो फक्त उजवा अंगठा. तो गेले वर्षभर थरथरतो, त्यामुळे अक्षर वाकडे आले आहे, बुद्धी नव्हे. सात वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र मी आज रद्द करत आहे. त्याचे कारण पुढे येईल, आणि ते लिहायची मला इतकी घाई झाली आहे की आधीची कलमे उरकून टाकते.

१. वरच्या दोन खोल्या आणि खालचा कारखाना भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. भिंतींना तिने हवा तो रंग द्यावा. खिडकीजवळचे टेबल मात्र हलवू नये, तिथे उजेड चांगला येतो.

२. कानशी, साचे आणि घासायचे यंत्र मला दंतवैद्याला द्यायचे होते. पण वकील म्हणतात, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दंतवैद्याला सही करायची हौस आहे, तेव्हा हत्यारेही भाचीला. तिने ती त्याला अधूनमधून वापरायला द्यावीत. तीस वर्षे माझ्या कवळ्यांना तो ‘जरा उंच झाली’ म्हणत आला, आता स्वतः घासून बघू दे.

३. समोरच्या शिंप्याकडे माझी छत्री नऊ वर्षे आहे. तोही साक्षीदार आहे. म्हणजे छत्री परत यायला हवी.

४. आता मुख्य गोष्ट. टेबलाच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेले, हातात धरून खेळायचे एक यंत्र आहे आणि त्यात एकच जपानी खेळ. तलवार घेतलेली एक मुलगी, सात प्रदेश, वाटेत राक्षस. राक्षस मारले की तिची ताकद वाढते आणि पुढची वाट उघडते. माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. बारा वर्षांपूर्वी त्याचा पाय मोडला आणि तो सहा महिने माझ्याकडे राहिला, तेव्हा त्याने हे जुन्या सामानाच्या दुकानातून मागवले. आम्हा दोघांना जपानीचे एक अक्षर येत नव्हते. बटणे माझ्याकडे, कारण माझा हात बारीक कामाचा, वही त्याच्याकडे. डोक्यावर गवत घेतलेले अक्षर म्हणजे औषध, हात वर केलेला माणूस म्हणजे आग, अशी त्याने एकशे चाळीस पाने भरली. खेळात कोणी काही विचारले की एकाखाली एक अशी दोन उत्तरे येत. त्यांचा पहिल्या पानावरचा नियम मात्र माझा. मी सांगितला, त्याने लिहिला: वरचे म्हणजे हो, खालचे म्हणजे नाही.

सातव्या प्रदेशाच्या टोकाला दगडी दार आहे आणि दारात एक म्हातारा. तो काहीतरी विचारतो. मी वरचे दाबले. त्याने मान हलवली आणि आम्हाला गावात परत आणून सोडले. असे सतरा वेळा झाले. मग मी खेळातल्या मुलीची झोळी तपासली, तर वाटेत मिळालेली निळी घंटा गायब. म्हातारा तीच मागत असणार, असे मी धरले. मी पाणी प्यायला उठले असताना धाकट्याने ती व्यापाऱ्याला देऊन बाण घेतले होते. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो एवढेच म्हणाला, “ताई, एकदा खालचं दाबून तर बघ.”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणाले. “तूच घालवलंस सगळं.”

तो वही ठेवून निघून गेला. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. अकरा वर्षे अबोला आहे.

५. हे लिहायला जड जाते, तरी लिहिते. त्यानंतर मी खेळ पहिल्यापासून एकटीने खेळले, दोन वर्षे लावली आणि घंटा जिवापाड जपून दारापर्यंत नेली. म्हाताऱ्याने तशीच मान हलवली. म्हणजे घंटेचा काही संबंध नव्हता, हे मला नऊ वर्षे ठाऊक आहे. मी धाकट्याला कळवले नाही. याने वहीतही काहीतरी चुकवले असणार, अशी स्वतःची समजूत घातली. वर जुन्या मृत्युपत्रावर त्यालाच साक्षीदार केले, म्हणजे त्याला काहीच मिळू नये. कागद भाचीच्या हाती पाठवला. त्याने न वाचता सही करून दिला.

६. गेल्या गुरुवारी सकाळी मी सवयीने म्हाताऱ्यासमोर गेले. वरचे दाबायला गेले आणि अंगठा थरथरून खालचे दाबले गेले. दार उघडले! आत निळा उजेड, खाली उतरणारा लांब जिना, आणि मी आजवर न ऐकलेले संगीत. मी अशी ओरडले की समोरून शिंपी टेप गळ्यात घालून धावत आला. म्हातारा काय विचारतो ते मला अजून माहीत नाही. बहुधा ‘परत जायचंय का’ असे विचारत असावा, आणि मी अकरा वर्षे त्याला हो म्हणत आले.

मी आत गेले नाही. यंत्र बंद केले. ते दार माझ्या एकटीचे नव्हते.

७. सबब यंत्र, खेळ, वही आणि दाराच्या आत जे काही असेल ते माझ्या धाकट्या भावाला. घंटेबद्दलचे सगळे आरोप मी मागे घेते. चूक माझी होती. मात्र मरेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही. या अंगठ्याने आत असेल तो राक्षस मरायचा नाही, आणि मला तो मेलेला बघायचा आहे. म्हणून या कलमाचा ताबा आजच द्यायचा आहे. भाचीबरोबर निरोप पाठवला आहे.

जोड: एवढे लिहून होईपर्यंत धाकटा आला. केस पार पांढरे झालेत. टेबलावर कागद बघून त्याने काही न विचारता खिशातून पेन काढले आणि साक्षीदारांची जागा शोधू लागला. मी कागद ओढून घेतला. तुझी सही नको म्हणाले. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला पाचवे आणि सहावे कलम वाचायला दिले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

“साक्षीदाराला काही मिळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं,” तो म्हणाला.

“मग सही केलीस कशाला?”

“तू मागितलीस म्हणून.”

इथे लिहून ठेवते: मला फार लाज वाटली, आणि फार आनंद झाला. त्याने वही उघडली, पहिल्या पानावर माझ्या नियमाखाली ‘म्हाताऱ्यासमोर उलटे’ असे लिहिले आणि चष्मा पुसून यंत्र हातात घेतले. साक्षीदारांनी सह्या लवकर कराव्यात, आम्हाला आत जायचे आहे.

स्थळ: कारखान्यावरची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ७ मार्च, रविवार, सकाळी साडेदहा

सही: कवळीवाली ताई
साक्षीदार १: दंतवैद्य (सही जरा उंच झाली आहे)
साक्षीदार २: समोरचा शिंपी (छत्री आणलेली नाही)

धाकट्याची सही या कागदावर कुठेही नाही. ती मुद्दाम घेतलेली नाही.